पोट बिघडलेल्या मांजराचें पथ्य

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. गाईच्या वैरणीवर, बैलाच्या पेंडीवर किंवा शेळीच्या पाल्यावर कोणी बोललें तर तें उपयोगाचें वाटतें. पण मांजराच्या पथ्यावर नभोवाणीवरून बोलण्यासारखें काय आहे, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्याचें उत्तर आमच्या देवळ्याच्या बाजूस कांद्याच्या चाळीपाशीं मिळेल. उन्हाळ कांदा निघाला कीं तो चाळींत भरावयाचा, आणि भावाचा अंदाज घेत पुढें चार-सहा महिने उमराण्याच्या नाहीं तर लासलगांवच्या बाजारांत न्यावयाचा, हा कसमादे पट्ट्यांतला, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगांव आणि देवळा या तालुक्यांतला, नेहमींचा रिवाज आहे. चाळीच्या शेजारीं मक्याची रास, बाजरीचीं पोतीं, पेंडीच्या गोण्या. जेथें साठवण तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें मांजर हवेंच.

हें नातें फार जुनें आहे. भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींची एका मनुष्याची कबर सांपडली, आणि तिच्या शेजारींच एक मांजर पुरलेलें आढळलें; ही हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. माणूस शेती करूं लागला, धान्य सांठवूं लागला, आणि त्या धान्यावर आलेल्या उंदरांमागोमाग मांजर त्याच्या दारांत आलें, असें विद्वान् मानतात. म्हणजे मांजर आपल्या घरीं आलें तें कोठाराचा राखणदार म्हणून. या राखणदाराला आपण वेतन काय देतों? सकाळीं वाटीभर दूध, दुपारीं भाकरीचा काला, आणि रात्रीं ताटांत उरलेला रस्सा. मग एके दिवशीं त्याला ओकाऱ्या होतात, शौचास पातळ होतें, अंग सुकतें, केंस राठ होतात. घरांतलीं माणसें हळहळतात आणि दयेनें आणखी एक वाटी दूध पुढें ठेवतात!

आज मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत इतकेंच: मांजराचें अन्न निवडतांना आपल्या ताटाकडे न पाहतां मांजराच्या पोटाच्या घडणीकडे पाहावें. ही गोष्ट निरोगी मांजरालाही लागू आहे. पण पोट बिघडलेल्या मांजराच्या बाबतींत तिच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

ती घडण कशी आहे तें प्रथम पाहूं. कुत्रा माणसाबरोबर राहून पुष्कळसें मिश्र अन्न पचवूं लागला. मांजर मात्र आजही पक्कें मांसभक्षक आहे. त्याच्या दाढा दळण्याच्या नव्हेत, कातरण्याच्या आहेत. आपल्या लाळेंत पीठ पचविणारा जो रस असतो तो त्याच्या लाळेंत नाहीं. आंतडीं शरीराच्या मानानें आंखूड आहेत. शिजलेलें थोडें पीठ त्याला पचतें. पण त्यावर त्याचें पोषण होत नाहीं. गोड चव तर त्याला कळतच नाहीं; गोडी ओळखणाऱ्या जिव्हेंतील घटकाची जनुकीय मांडणीच मांजराच्या कुळांत मोडलेली आहे, असें २००५ सालीं सिद्ध झालें. तेव्हां मांजराला पेढा आवडतो असें आपण म्हणतों, तेव्हां त्याला आवडते ती त्यांतील दुधाची चरबी, साखर नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट टॉरिन नांवाच्या द्रव्याची. हें द्रव्य मांसांत व मासळींत असतें, धान्यांत जवळजवळ नसतेंच. माणसाचें शरीर तें बऱ्याच अंशीं स्वतः तयार करतें. मांजराचें शरीर गरजेपुरतें करूं शकत नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, अन्नांत टॉरिन नसलें तर मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजतें. आणि १९८७ सालीं असें निदर्शनास आलें कीं, त्याच्याच अभावीं हृदयाचा स्नायु सैल पडून मांजर मरतें. हीं मांजरें कांहीं उपाशी नव्हतीं. कारखान्यांत तयार झालेलें अन्न खाणारीं होतीं. त्यानंतर त्या अन्नांतील टॉरिनचें प्रमाण वाढविण्यांत आलें. तसेंच गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनविणें आपल्याला साधतें, मांजराला साधत नाहीं. त्याला तें प्राणिज अन्नांतूनच आयतें मिळावें लागतें. दूध-भाकरीवर वाढलेलें मांजर जगतें, पण तें दुधाभाकरीमुळें जगतें हा आपला भ्रम आहे. तें चाळींतल्या उंदरांवर जगत असतें.

आतां दुधाचा विचार करूं. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेंत इतकी रुजली आहे कीं, शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें फावलें, ही म्हण पोराटोरांनाही पाठ असते. बोक्याला दूध आवडतें यांत संशय नाहीं. पण आवडणें निराळें आणि पचणें निराळें. दुधांत शेंकडा साडेचार ते पांच दुग्धशर्करा असते. ती फोडणारा पाचक रस पिलाच्या आंतड्यांत भरपूर असतो. पिलूं आईचें दूध सोडून मांस खाऊं लागलें कीं तो रस ओसरूं लागतो. मग न पचलेली साखर मोठ्या आंतड्यांत जाते, तेथें आंबते, आपल्याकडे पाणी ओढून घेते, आणि पोट फुगून जुलाब होतात. कांहीं मांजरांना थोडें दूध सोसतें, कांहींना मुळींच सोसत नाहीं. म्हशीच्या दुधांत चरबी अधिक, म्हणून दुखावलेल्या पोटाला तें आणखी जड. यासाठीं पोट बिघडलेल्या मांजराच्या पथ्यांतला पहिला नियम असा कीं, दूध पूर्ण बंद करावें. पुष्कळ मांजरांचा आजार या एका नियमानें तीन-चार दिवसांत ओसरतो, आणि दुसऱ्या कोणत्याही उपायाची गरज उरत नाहीं.

दुसरा नियम आपल्या ताटाविषयीं आहे, आणि आमच्या भागांत तो विशेष बजावून सांगण्याची गरज आहे. आमचें सारें अर्थकारण कांद्यावर, आणि आमचें सारें जेवणही कांद्यावर. रश्शाचें वाटण भाजलेल्या कांद्याचें, फोडणी लसणाची, तोंडीं लावणें कांद्याच्या पातीचें. हा कांदा मांजराच्या रक्ताला विष आहे, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. कांद्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनीं मांजराच्या तांबड्या रक्तपेशी जळल्यासारख्या होऊन फुटूं लागतात. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागें पांच ग्रॅम कांदाही बाधण्यास पुरे होतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, मध्यम कांद्याची एक पांचवी फोड. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. लसूण तर कांद्याहूनही तीव्र. बाधा लगेच दिसत नाहीं. आधीं ओकारी किंवा जुलाब होतात, आणि मग दोन-चार दिवसांनीं हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, मांजर धापा टाकूं लागतें. घरचे लोक म्हणतात, परवां पोट बिघडलें होतें, त्याचाच अशक्तपणा आहे. तें खरें नसतें. रश्शांत कालवलेली भाकरी रोज थोडी थोडी देणें हेंही धोक्याचेंच आहे. उघडी हाडें, तिखट ठेचा, तेलाचा तवंग आणि बाजारांत मिळणारे खारवलेले सुके बोंबील, हींही आजारी पोटाला वर्ज्य समजावींत. कांद्याच्या चाळींत राहणारें मांजर स्वतः होऊन कांद्याला तोंड लावीत नाहीं. तो त्याला आपणच रश्श्याच्या मिषानें भरवितों.

पण अन्न बदलण्यापूर्वीं हें तपासलें पाहिजे कीं दोष अन्नाचा आहे कीं दुसऱ्या कशाचा. कारण प्रत्येक ओकारी व प्रत्येक जुलाब हा खाण्यानें होत नाहीं. पोटांत जंत असले तरी हींच लक्षणें दिसतात. शेपटीखालीं किंवा विष्ठेंत भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमि होय, आणि तो पिसवांवाटे येतो. अशा मांजराला कितीही उत्तम अन्न दिलें तरी तें जंतांच्याच मुखीं पडतें. लहान पिलांमध्यें पॅनल्युकोपेनिया नांवाचा सांथीचा आंत्ररोग होतो. कालपर्यंत खेळणारें पिलूं आज ओकूं लागतें आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतें. त्यावर पथ्य हा उपाय नव्हे; आधीं टोंचलेली लस हाच उपाय. डाळिंबाच्या बागेंत फवारणी झाली असेल, तर मांजर अंगाला लागलेलें औषध चाटतें, आणि त्याच्या तोंडाला लाळ सुटते, अंग थरथरतें. उंदरांसाठीं ठेवलेल्या विषानें मेलेला उंदीर खाल्ल्यानेंही मांजर दगावूं शकतें. संक्रांतीच्या सुमारास मांज्याचा दोरा पोटांत जातो. त्याचें एक टोंक जिभेखालीं अडकतें आणि दुसरें आंतड्यांत उतरतें. असा दोरा तोंडांतून किंवा मागून बाहेर आलेला दिसला तर तो कधींही ओढूं नये. ओढल्यास आंतडें कापलें जातें.

म्हणून कांहीं खुणा लक्षांत ठेवाव्यात. ओकारींत किंवा विष्ठेंत रक्त असणें, विष्ठा डांबरासारखी काळी होणें, दिवसभरांत वारंवार ओकारी होणें, मानेवरील कातडी चिमटींत धरून सोडली असतां ती सावकाश खालीं बसणें, हिरड्या कोरड्या किंवा पांढऱ्या दिसणें, किंवा पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड न लावणें, यांपैकीं एकही खूण दिसली तर घरगुती पथ्याचा विचार सोडून पशुवैद्याकडे जावें. पिलाच्या बाबतींत तर एक दिवसही वाट पाहूं नये. आणखी एक खूण पुष्कळांना फसविते. बोका पुनःपुन्हां बसतो, कुंथतो, पण कांहीं होत नाहीं. घरचे लोक त्याला बद्धकोष्ठ झालें असें समजतात आणि तेल पाजतात. वस्तुतः त्याची लघवी अडलेली असूं शकते, आणि ती न सुटल्यास दोन-तीन दिवसांत तो मरतो. अशा वेळीं तासांचा हिशेब असतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गाईबैलांचाच राबता असतो हें खरें. त्यामुळें मांजर टोपलींत घालून तेथें नेण्यास लोक लाजतात. लाजण्याचें कारण नाहीं. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. या विद्येला आपल्या प्रांतांत सवाशेंहून अधिक वर्षें झालीं आहेत, आणि त्या विद्येंत मांजराला स्थान आहे.

आतां समजा, मांजर ताजेंतवानें आहे, पाणी पीत आहे, डोळे स्वच्छ आहेत, केवळ शौचास पातळ होतें किंवा एक-दोन ओकाऱ्या झाल्या आहेत. अशा वेळीं काय द्यावें? जुन्या समजुतीप्रमाणें लंघन घालावें असें अनेकांना वाटतें. माणसाला एक दिवस लंघन मानवतें. मांजराला तें मानवत नाहीं. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलें तर शरीरांतील चरबी यकृतावर धांवून येते, यकृत चरबीनें भरून जातें, आणि मूळ आजार किरकोळ असूनही मांजर काविळीनें दगावतें. म्हणून लंघन नको. हलकें अन्न थोडें थोडें द्यावें.

हलकें अन्न म्हणजे काय? कोंबडीच्या छातीचें मांस, कातडी व हाडें काढून, साध्या पाण्यांत पूर्ण शिजविलेलें. त्यांत मीठ नको, हळद नको, आलें-लसूण तर नकोच. त्याच्या बारीक शेवया करून, ज्या पाण्यांत तें शिजलें तें थोडें पाणी वर घालून, कोमट असतांना द्यावें. मांजर वासावर जेवतें, आणि कोमट अन्नाला वास अधिक असतो. हवा असल्यास एखादा चमचा मऊ भात मिसळावा; त्याहून अधिक नको. चार किलोच्या प्रौढ मांजराला दिवसाकाठीं सुमारें २०० ते २५० उष्मांक लागतात. शिजलेल्या अशा मांसाच्या १२० ते १५० ग्रॅमांत तेवढे मिळतात. हें सारें एकदम न देतां पांच-सहा वेळां वांटून द्यावें. कच्चें मांस देऊं नये; त्यांतून जंतु व परजीवी मांजराच्या आणि मांजराकडून घरच्या माणसांच्या पोटांत जातात, आणि घरांत गर्भवती स्त्री असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

पाण्याचा विचार अन्नाइतकाच महत्त्वाचा. मांजराचा मूळ पूर्वज पश्चिम आशियाच्या व उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांतला रानमांजर. तो पाणी फारसें पीत नसे. उंदराच्या शरीरांत शेंकडा ६५ ते ७० पाणीच असतें, तेवढ्यावर त्याचें भागे. तीच संवय आजच्या मांजरांत उतरली आहे, त्यामुळें जुलाबानें पाणी गेलें तरी तें आपण होऊन पुरेसें पीत नाहीं. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे ऊन चाळीस अंशांवर जातें तेव्हां हा धोका फार वाढतो. म्हणून रुंद तोंडाच्या भांड्यांत स्वच्छ पाणी घरांत दोन-तीन ठिकाणीं, जेवणाच्या बशीपासून जरा दूर, सावलींत ठेवावें आणि दिवसांतून दोनदां बदलावें. तोंड उघडून बळजबरीनें पाणी ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

या साध्या अन्नानें दोन-तीन दिवसांत मल बांधून आला तर बरें वाटतें, आणि येथेंच दुसरी चूक होते. लोक म्हणतात, हें मानवलें, आतां हेंच चालूं ठेवूं. नुसतें मांस हें पथ्य आहे, पूर्ण आहार नव्हे. रानांतलें मांजर उंदीर खातें तें हाडांसकट, काळजासकट. नुसत्या मांसांत चुना फार थोडा असतो. असें अन्न महिनोन्‌ महिने दिल्यास शरीर हाडांतला चुना काढून घेतें, हाडें ठिसूळ होतात, आणि वाढतें पिलूं लंगडूं लागतें. शिवाय उकळतांना टॉरिनचा बराच भाग पाण्यांत उतरतो, म्हणून तें पाणी टाकूं नये. तात्पर्य, हें पथ्य तीन-चार दिवसांचें, फार तर आठवड्याचें.

त्यानंतर कायमचें अन्न निवडतांना, घरचें अन्न शास्त्रशुद्ध रीतीनें पुरवावयाचें असेल तर पशुवैद्याकडून चुना व टॉरिन यांचें प्रमाण लिहून घ्यावें. अंदाजानें करूं नये. ज्यांना हें साधत नाहीं त्यांनीं मांजरासाठीं बनविलेलें तयार अन्न घ्यावें. हें नाशिकला तर मिळतेंच, हल्लीं लहान गांवांच्या दुकानांतूनही आढळतें. तें घेतांना वेष्टणावरील चित्राला भुलूं नये, मजकूर वाचावा. तें प्रौढ मांजरासाठीं आहे कीं पिलासाठीं. तें संपूर्ण व समतोल आहार म्हणून दिलें आहे कीं केवळ पूरक खाऊ म्हणून. घटकांच्या यादींत आरंभीं मांस वा मासळी यांचें नांव आहे कीं मक्याचें. टॉरिनचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें पाहावें. ओल्या अन्नांत शेंकडा ७५ ते ८० पाणी असतें, कोरड्या दाण्यांत दहाच्या आसपास. ज्याला बद्धकोष्ठाची किंवा मूत्रविकाराची खोड आहे त्याला ओलें अन्न अधिक हिताचें. कोरडे दाणे स्वस्त व टिकाऊ, पण पावसाळ्यांत उघड्या पिशवींत त्यांना बुरशी येते. म्हणून लहान पिशवी घ्यावी व ती घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. कुत्र्याचें अन्न स्वस्त पडतें म्हणून मांजराला घालूं नये. त्यांत मांजराला पुरेल इतकें प्रथिन व टॉरिन असेलच असें नाहीं.

अन्न कोणतेंही निवडा, बदल हळूहळू करा. पहिले दोन दिवस तीन भाग जुनें आणि एक भाग नवें, मग निम्में निम्में, मग एक भाग जुनें, आणि आठ-दहा दिवसांनीं पूर्ण नवें. आंतड्यांतल्या उपकारक जंतूंना नव्या अन्नाशीं जुळवून घेण्यास एवढा अवधि लागतो. एका आठवड्यांत तीन प्रकारचीं अन्नें बदलून पाहणें आणि एकही मानवत नाहीं असें म्हणणें, हें अन्नावर अन्याय करण्यासारखें आहे.

कांहीं मांजरांचें पोट मात्र महिनोन्‌ महिने बिघडलेलेंच राहतें. जंताचें औषध झालें, दूध बंद झालें, रस्सा बंद झाला, तरी आठवड्यांतून दोनदां ओकारी आहेच. अशा मांजराला एखाद्या विशिष्ट प्रथिनाचें वावडें असूं शकतें. नवल असें कीं, हें वावडें पुष्कळदां रोजच्याच अन्नाचें असतें. कोंबडी, मासळी, गोमांस हे त्यांतले नेहमींचे अपराधी. याची परीक्षा एकच: त्या मांजरानें पूर्वीं न खाल्लेलें एकच प्रथिन निवडून, जसें कोंबडीवर वाढलेल्या मांजराला बोकडाचें मांस, पशुवैद्याच्या सल्ल्यानें दोन-तीन आठवडे तेवढेंच द्यावयाचें. पोटाचा विकार त्यानें हटणार असेल तर बहुधा एवढ्या अवधींत फरक दिसतो. पण अट कडक आहे. त्या दिवसांत दुसरा एक घांसही पोटांत जातां कामा नये. आणि येथें खेड्यांतलें मांजर आपल्याला हरवितें, कारण एका मांजराचीं चार घरें असतात. आपण पथ्य पाळावें आणि शेजारच्या आजीबाईंनीं मायेनें दूधभात घालावा! म्हणून त्या दिवसांत मांजर एका खोलींत ठेवावें, आणि शेजाऱ्यांना आधींच विनंति करावी. इतकें करूनही गुण न आला, किंवा म्हातारें मांजर भरपूर खाऊनही रोडावूं लागलें, तर आंतड्यांची जुनाट सूज, कंठग्रंथीचा विकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग यांचा तपास पशुवैद्यानें केला पाहिजे. जुनाट आंत्ररोगांत ब-१२ जीवनसत्त्व शोषलें जात नाहीं. तें टोंचून दिल्यावर, अन्न तेंच असूनही, सुकलेलें मांजर पुन्हां भरूं लागल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांच्या अनुभवांतलीं आहेत.

बद्धकोष्ठाचें पथ्य याहून निराळें. तेथें पाणी वाढवावें, ओलें अन्न द्यावें, आणि अन्नांत चमचाभर उकडून कुसकरलेला लाल भोपळा, मीठमसाला न घालतां, मिसळावा. अंग चाटून पोटांत गेलेल्या केंसांचा गोळा मधून मधून ओकणें हें मांजराला स्वाभाविक आहे. रोज विंचरल्यानें तें कमी होतें. दूध हें रेचक म्हणून देण्याची चाल सोडून द्यावी.

औषधांविषयीं एकच वाक्य, पण तें सर्वांत महत्त्वाचें. घरांत तापाची म्हणून असलेली पॅरासिटॅमॉलची गोळी, तिचा तुकडासुद्धां, मांजराला कधींही देऊं नये. तिनें मांजराच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नष्ट होते आणि तें मरतें. माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या व उरलेलीं जंतुनाशकेंही तशींच दूर ठेवावींत.

आतां एका अवघड प्रश्नाकडे वळतों. आमच्या भागांत माळकरी घरें पुष्कळ आहेत. ज्या घरांत मांस शिजत नाहीं, त्या घरानें मांजराचें काय करावें? त्या घराच्या आचाराचा मला पूर्ण आदर आहे. पण तो आचार माणसानें स्वेच्छेनें घेतलेला आहे. मांजराला ती निवड नाहीं, त्याच्या शरीराचा धर्मच निराळा आहे. वरणभातावर त्याला ठेवणें म्हणजे अहिंसा नव्हे. ती हळूहळू होणारी उपासमार आहे. ज्यांच्या घरांत अंडें चालतें त्यांनीं आजारांत पूर्ण उकडलेलें अंडें थोडें द्यावें. कच्चें देऊं नये, आणि अंड्यांत टॉरिन अल्प असल्यानें त्यावरच विसंबूंही नये. ज्यांना अंडेंही चालत नाहीं, त्यांनीं मांजरासाठीं असलेल्या तयार अन्नाची बशी ओट्यावर, घराबाहेर, वेगळी ठेवावी. तेंही नको असेल तर मांजर घरांत बांधून न घालतां त्याला चाळींत त्याचें पोट भरूं द्यावें, आणि आजारांत तेवढें पशुवैद्याकडे न्यावें. यांत आचारही राहतो आणि प्राणीही वांचतो.

पोरक्या पिलांविषयींही दोन शब्द सांगतों. आई मेली कीं पिलांना गाईचें दूध कापसाच्या बोळ्यानें पाजतात. मांजरीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिन असतें. गाईच्या दुधावर पिलाची भूक भागत नाहीं आणि पोट मात्र बिघडतें. पिलांसाठींचें तयार दूध मिळत असल्यास तेंच द्यावें, आणि पिलूं पालथें ठेवून, सावकाश पाजावें. चार आठवड्यांचें झालें कीं त्याला मऊ मांसल अन्नाची चव लावावी.

श्रोतेहो, कांद्याच्या एका चाळीचें उंदरांपासून रक्षण करणारा हा प्राणी आपल्याकडे फार मागत नाहीं. त्याला पक्वान्न नको, दूध नको, आपल्या ताटांतला रस्सा तर नकोच नको. त्याला हवा आहे मूठभर साधा, मांसल, बिनमसाल्याचा आहार, स्वच्छ पाणी, आणि आजारांत वेळेवर पशुवैद्याचें दार. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर उष्टी भाकरी रश्शांत कालवून दारापाशीं ठेवण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि ती वाटी कोणाच्या पोटांत जाणार आहे याचा विचार करावा, एवढीच माझी विनंति आहे.